तोतया, शिक्का आणि ओटीपी : ओळखीच्या चोरीचा इतिहास



मोबाइल चोरांपासून आणि ठगांपासून कसा जपायचा, हा आजचा विषय. हा विषय पोलिसांनी नाहीतर संगणकाच्या अभियंत्यांनी मांडावा, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांचं इथे काय काम, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. आमचं उत्तर असं की, सामान्य माणसाचा पैसा जातो तेव्हा बहुतेक वेळा यंत्र फोडलेलं नसतं. पलीकडे बोलणारा कोण, याबद्दलची आपली समजूत चुकवलेली असते. आणि 'हे मला कशावरून कळलं?' हा तर तत्त्वज्ञानाचा फार जुना प्रश्न आहे.

आपल्या नैयायिकांनी ज्ञानाच्या साधनांमध्ये शब्द हे एक प्रमाण मानलं. विश्वासू माणसाचं सांगणं, म्हणजे आप्तवाक्य. जगातलं बहुतेक सगळं आपल्याला दुसऱ्याच्या सांगण्यावरूनच कळतं. आपली जन्मतारीखसुद्धा. पण आप्त कोण? ज्याला ती गोष्ट खरोखर माहीत आहे आणि ज्याला आपल्याला फसवायचं नाही, तो. यावर शेकडो वर्षं खल झाला. पण त्याच्या आधी आणखी एक प्रश्न उभा राहतो : हे वाक्य त्या आप्ताचंच आहे का? की त्याचं नाव घेऊन दुसराच कुणी बोलतोय? आजचं व्याख्यान या दुसऱ्या प्रश्नाच्या इतिहासाबद्दल आहे.

आळंदीला हा प्रश्न परका नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता या चार भावंडांना पैठणहून शुद्धिपत्र आणा म्हणून सांगितलं गेलं, ही कथा इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. तुम्ही कोण ते तुमच्याकडे पाहून ठरणार नाही, कागदावरून ठरेल, असा त्याचा अर्थ. कागद मागणाऱ्यांना समोरची माणसं कळली नाहीत, ही त्या कथेतली बोच आहे. ती लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे यायचं आहे.

१७७६ : भाऊसाहेबांचा तोतया

१४ जानेवारी १७६१ला पानिपत झालं. सदाशिवराव भाऊ परत आले नाहीत. ते पडले असं सांगणारे होते, पण घरच्यांचं मन मानेल अशी खात्री पटली नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई १७८३मध्ये वारल्या, तोपर्यंत त्यांनी वैधव्य स्वीकारलं नाही. एवढ्या मोठ्या घरात एक जागा रिकामी होती आणि तिथे कुणीतरी परत यावं अशी शेकडो लोकांची इच्छा होती.

त्या जागेवर एक माणूस चालत आला. मी सदाशिवरावभाऊ, पानिपतातून वाचलो, असं तो सांगू लागला. चेहरेपट्टीत साम्य होतं. त्याला पकडलं, चौकशी झाली, तो सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण असल्याचं निघालं आणि त्याला कैदेत टाकलं. शेवटी त्याची रवानगी रत्नागिरीला झाली. गोष्ट इथे संपायला हवी होती.

ती संपली नाही. १७७६ साल उजाडलं तेव्हा पेशवे होते सवाई माधवराव, वय वर्षं दोनही पुरं नाही. बारभाईंचं कारस्थान चाललेलं, राघोबादादा इंग्रजांकडे गेलेले. खरा हुकूम कुणाचा हेच लोकांना कळत नव्हतं. अशा वेळी रत्नागिरीच्या मामलेदारानं, रामचंद्र नाईक परांजपे यानं, या कैद्याला बाहेर काढलं आणि भाऊसाहेब म्हणून उभं केलं. बघता बघता हजारोंचं सैन्य जमलं, कोकणातले किल्ले त्याच्या ताब्यात गेले. ते किल्ले सगळेच लढून घ्यावे लागले नाहीत. धनी आले म्हटल्यावर दरवाजे आतून उघडले गेले. पुढे महादजी शिंदे आणि भिवराव पानसे त्याच्यावर चालून गेले, त्याचा मोड झाला, पळताना राघोजी आंग्र्यांनी त्याला धरलं. पुण्यात पुन्हा चौकशी झाली, साक्षी झाल्या आणि डिसेंबर १७७६मध्ये त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं.

या प्रकरणात तीन गोष्टी होत्या. एक, माहितीत पडलेली पोकळी : भाऊंचं काय झालं ते पक्कं ठाऊक नाही. दोन, एक तीव्र भावना : इथे आशा होती, तिच्या जागी भीतीही चालते. तीन, अधिकाराचा गोंधळ : खरं कुणाला विचारायचं तेच कळत नाही. आज येणाऱ्या कुठल्याही फसव्या फोनला या तीन कसोट्या लावून पाहा. तुमचं पार्सल अडकलंय, ही पोकळी. अटक होईल, ही भीती. आणि आम्ही सीबीआयकडून बोलतोय म्हटल्यावर हे खरं की खोटं कुणाला विचारणार, हा गोंधळ.

आणखी एक बघा. भारतीय दंड संहितेत १८६०पासून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवण्याचा गुन्हा आहे. मराठी अनुवादात त्याला शब्द आहे 'तोतयेगिरी'. १ जुलै २०२४पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तिथे तो गुन्हा कलम ३१९मध्ये आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात संगणक किंवा फोन वापरून केलेल्या तोतयेगिरीला स्वतंत्र कलम आहे, ६६ड. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. आपल्याकडे 'सायबर गुन्हा' म्हटलं की काहीतरी परदेशी वाटतं. तोतया म्हटलं की लगेच कळतं.

शिक्क्यापासून सिमपर्यंत

तोतयांचा त्रास राज्यकर्त्यांना नवा नव्हता. मराठेशाहीतलं एखादं पत्र पाहा. अधिकाऱ्याचा शिक्का असतो आणि मजकूर संपला तिथे मोर्तब असतं. मोर्तब कशासाठी? त्यापुढे कुणी एक ओळ वाढवू नये म्हणून. शिक्का सांगतो हे कुणाचं आहे, मोर्तब सांगतं हे कुठे संपलं आहे. आजच्या संगणकशास्त्रातही हेच दोन प्रश्न आहेत : पाठवणारा खरा का, आणि वाटेत मजकूर बदलला का. आणि शिक्का कुणाच्या हाती, यावरून दरबारात राजकारणं झाली, कारण शिक्का ज्याच्या हाती, हुकूम त्याचा.

आता आपल्या खिशाकडे या. ३१ जुलै १९९५ला भारतात मोबाइलवरून पहिला कॉल झाला. तेव्हा तो बोलण्याचं यंत्र होता. २००९च्या ऑगस्टपासून रिझर्व्ह बँकेनं कार्डावरच्या ऑनलाइन व्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची केली आणि मोबाइलवर येणारा ओटीपी हळूहळू घराघरात पोचला. २०१६च्या एप्रिलमध्ये यूपीआयची सुरुवात झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओमुळे इंटरनेट स्वस्त झालं, ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. चहाच्या टपरीपासून देवळाबाहेरच्या हारवाल्यापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड लागले. आधार, बँक, गॅस, पेन्शन, सगळं एका मोबाइल नंबराला जोडलं गेलं.

म्हणजे झालं काय? पेशव्यांचा शिक्का पहाऱ्यात असायचा. आपला शिक्का आता फोनमध्ये आहे, आणि तो फोन आपण नातवाला खेळायला देतो, दुकानात चार्जिंगला ठेवून येतो आणि अनोळखी माणसानं सांगितलेलं अ‍ॅप त्यात टाकतो. दोष फक्त आपला नाही. हा बदल सात-आठ वर्षांत झाला आणि तो आपल्याला नीट कुणी समजावून सांगितला नाही. फोन बदलला नाही, फोनचं पद बदललं.

पुण्यातल्या दोन घटना

लांबची उदाहरणं नकोत. एप्रिल २००५. पुण्यात एमफॅसिस कंपनीच्या एमसोर्स या कॉल सेंटरमधून अमेरिकेतल्या सिटीबँकेच्या ग्राहकांना सेवा दिली जायची. तिथे काम केलेल्या काही तरुणांनी ग्राहकांचा विश्वास संपादन केला, त्यांच्याकडून पिन काढून घेतले आणि साडेतीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम पुण्यातल्या बनावट खात्यांत वळवली. त्या कॉल सेंटरमध्ये येता-जाता झडती होती, आकडे लिहून बाहेर नेता येत नव्हते. आकडे डोक्यात ठेवून बाहेर पडता येतं, तिथे झडतीचा काय उपयोग? पैसे पुण्याच्या खात्यांत आले म्हणूनच माग लागला. तेव्हा फसले ते शिकलेले अमेरिकन. म्हणून 'अडाणी लोकच फसतात' ही समजूत सोडून द्या.

दुसरी घटना, ऑगस्ट २०१८. कॉसमॉस सहकारी बँक, १९०६ साली स्थापन झालेली पुण्याची बँक. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा एटीएम बँकेच्या यंत्रणेला विचारतं, याला पैसे देऊ का? खात्यात शिल्लक पाहून 'हो' किंवा 'नाही' सांगणारी यंत्रणा असते, तिला स्विच म्हणतात. हल्लेखोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून खऱ्या स्विचच्या जागी आपली खोटी यंत्रणा उभी केली. तिला एकच शब्द येत होता : हो. शनिवारी ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट व्हिसा कार्डांवर सुमारे १२ हजार व्यवहार झाले, सुमारे ७८ कोटी रुपये गेले. भारतात रुपे कार्डांवर सुमारे २,८०० व्यवहारांत अडीच कोटी गेले, त्यांत कोल्हापूरचीही एटीएम होती. सोमवारी १३ ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगच्या एका खात्यात सुमारे १४ कोटी वळवले गेले. एकूण सुमारे ९४ कोटी. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं २०१९च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. एप्रिल २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं.

तिथे काय घडलं ते नीट पाहा. तिजोरी फोडली नाही. 'हो' म्हणणाऱ्याच्या जागी तोतया बसवला. एटीएम यंत्रं प्रामाणिकपणे विचारत होती, पण ज्याला विचारायचं त्यालाच विचारत होती की दुसऱ्याला, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. रत्नागिरीच्या बाजूचे किल्लेदार आणि ही यंत्रं यांत फरक थोडाच आहे.

आणि पैसे काढायला माणसं लागलीच. त्यांच्या हातात कार्डं दिलेली होती. आपल्या पट्ट्यात, चाकण, भोसरी, तळवड्यात, देशभरातून पोरं कामाला येतात. त्यांना कुणी सांगतं, तुझं खातं आणि सिम काही दिवस वापरायला दे, पैसे देतो. ही भाड्याची खाती नसतील तर चोराला पैसा पुढे सरकवता येणार नाही. खातं भाड्यानं देणं म्हणजे आपला शिक्का भाड्यानं देणं. पोलिस पहिल्यांदा त्या खात्याच्या मालकाच्या दारात येतात. हे तुमच्या भाडेकरूंना, कंत्राटावरच्या पोरांना जरूर सांगा.

योगायोग असा की, कॉसमॉसच्या दुसऱ्या हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी, १५ ऑगस्ट २०१८ला, पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलिस आयुक्तालय सुरू झालं. आळंदी, चाकण, दिघी ही ठाणी त्यात आली.

आजचे तोतये

आजच्या प्रकारांची यादी मोठी आहे, आपण दोनच पाहू.

पहिला, 'डिजिटल अरेस्ट'. व्हिडिओ कॉल येतो, समोर गणवेशातला माणूस, मागे कार्यालय, भिंतीवर बोधचिन्ह. तुमच्या आधारवर गुन्हा आहे, फोन बंद करू नका, खोलीबाहेर जाऊ नका, कुणाशी बोलू नका. मग 'तपासणीसाठी' पैसे पाठवा. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४च्या 'मन की बात'मध्ये स्पष्ट सांगितलं की अशी कुठलीही तरतूद कायद्यात नाही. २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही याची स्वतःहून दखल घेतली. या प्रकारातलं कळीचं वाक्य आहे 'कुणाशी बोलू नका'. तोतयाला सगळ्यात जास्त भीती कशाची? दुसऱ्या साक्षीदाराची. कुठलंही खरं सरकारी खातं तुम्हाला बायकोशी किंवा मुलाशी बोलू नका म्हणत नाही. हे वाक्य ऐकलं की फोन ठेवायचा.

दुसरा, एपीके फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवर वाहनाच्या दंडाची पावती येते, लग्नाची पत्रिका येते, बँकेच्या केवायसीचा फॉर्म येतो. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असतं. पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे अ‍ॅप, आणि अ‍ॅप म्हणजे घरात राहायला आलेला माणूस. तो आधी मेसेज वाचायची परवानगी मागतो, आपण 'अलाउ' दाबतो, मग प्रत्येक ओटीपी आपल्याआधी त्याला कळतो. बरं, ही फाइल आपल्या ओळखीच्या नंबरावरूनच येते, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. भाचा खरा आहे, पण पत्रिका भाच्यानं पाठवलेली नाही. सुरुवातीचा प्रश्न आठवा : वाक्य त्या आप्ताचंच आहे का?

वाट आपली निवडायची

या सगळ्या इतिहासातून आम्हाला एकच नियम निघताना दिसतो. ज्या वाटेनं माणूस आला, त्याच वाटेनं त्याची ओळख पटवायची नाही. ओळख पटवायची वाट आपण निवडायची.

तोतयाला 'तू भाऊ आहेस का' असं विचारून काय होणार? भाऊंना ओळखणाऱ्यांना विचारलं तेव्हा उलगडा झाला. बँकेतून फोन आला तर 'तुम्ही खरंच बँकेतले का' असं त्यालाच विचारू नका. फोन ठेवा, कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेल्या नंबरावर आपण फोन करा, नाहीतर सरळ शाखेत जा. गूगलवर नंबर शोधू नका, तिथेही तोतये बसलेले असतात. पोलिस म्हणून फोन आला तर आळंदी ठाणं चालत जाण्याइतकं जवळ आहे. भाच्याची पत्रिका आली तर भाच्याला फोन लावा. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, साधा फोन. दहा मिनिटं जातील. खऱ्या कामाला दहा मिनिटांनी काही होत नाही. घाई ही तोतयाचीच असते.

बाकीची व्यवस्था ही शिक्क्याचा पहारा म्हणून करायची. फोनला पिन ठेवा. सिमलाही वेगळा पिन ठेवता येतो, म्हणजे फोन चोरून सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी चालत नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. अ‍ॅप प्ले स्टोअरमधूनच घ्या आणि टॉर्चचं अ‍ॅप मेसेज वाचायची परवानगी मागत असेल तर काढून टाका. सुधारणा आल्या की फोन अपडेट करा. स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. रिझर्व्ह बँकेनं २०१९मध्येच असा इशारा दिला होता. आणि एक गोष्ट पाठ करा : पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. वारीच्या गर्दीत फोन गेला तर तक्रार करून 'संचार साथी'वर तो बंद करता येतो. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही तिथे दिसतं; ते एकदा पाहून घ्या.

पैसे गेलेच तर? १९३० हा नंबर. लगेच, त्या क्षणी. २०२१मध्ये केंद्र सरकारनं ही मदतवाहिनी १५५२६० या नंबरावर सुरू केली, पुढे १९३० हा सोपा नंबर आला. घाई कशासाठी, तर गेलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून चौथ्या खात्यात उड्या मारतो. कुठल्या तरी खात्यात तो असतानाच रोखता आला तर परत मिळायची आशा असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकातही वेळेवरच सगळं बेतलेलं होतं. चूक ना आपली ना बँकेची, यंत्रणेत दुसरीकडे कुठेतरी आहे, आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर आपलं दायित्व शून्य. ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे दोन्हीकडे कळवण्याला किंमत आहे.

शरम आणि संशय

तरीही माणसं कळवत नाहीत. का? शरम वाटते. आयुष्यभर हिशोबानं राहिलो, लोक सल्ला विचारायला यायचे, आणि आपण फसलो, हे मुलाला कसं सांगायचं? मग चार दिवस माणूस एकटाच कुढत राहतो. त्या चार दिवसांत पैसाही जातो आणि माणूसही खचतो. घरातल्या तरुणांना आमचं हात जोडून सांगणं आहे : 'असं कसं केलंत?' हे वाक्य पहिल्या दिवशी बोलू नका. आधी १९३० लावा. पार्वतीबाईंना कुणी मूर्ख म्हणत नाही. त्या वाट पाहत होत्या, एवढंच. पेन्शनच्या पैशाची काळजी करणारा म्हातारा माणूस भीतीनं पैसे पाठवतो तेव्हा त्याची अक्कल गेलेली नसते. त्याच्या काळजीचा कुणीतरी वापर केलेला असतो.

आणि आता शुद्धिपत्राकडे येऊ. हे सगळं ऐकून कुणी ठरवेल की यापुढे कुणावरच विश्वास नको. तोही पराभवच. शेजारच्याला पाणी देताना, वारकऱ्याला ओसरी देताना आपण कागद मागत नाही, आणि मागूही नये. भावंडांकडे कागद मागणाऱ्यांनी माणूस पाहायचं नाकारलं. आपण पडताळणी करायची ती उलट कारणासाठी : खऱ्या माणसावर निर्धास्त विश्वास ठेवता यावा म्हणून. संशय माणसाला दूर लोटतो. पडताळणी त्याच्यापर्यंत नेते. भाच्याला फोन केला तर पत्रिका खोटी निघेल, पण भाच्याची चौकशी होईल, आणि त्याचा फोन गेल्याचं त्यालाही कळेल.

आज घरी गेल्यावर एक काम करा. कागदावर चार नंबर मोठ्या अक्षरात लिहा : १९३०, बँकेच्या शाखेचा, आळंदी पोलिस ठाण्याचा आणि घरातल्या एका जवळच्या माणसाचा. कागद फोनमध्ये नको, भिंतीवर लावा. वेळ आली तर फोन तोतयाच्या हातात असेल, भिंत आपलीच असेल.

आता प्रश्न विचारा. सगळ्यांनी विचारा, विशेषतः ज्यांच्याबाबत असं घडलं आहे त्यांनी. इथे कुणी हसणार नाही.